पेत्सुलोच्या परसातला रस्ता

ओटाव्हिओ पेत्सुलोबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, देवमाणूस होता म्हणून सांगतील. मी त्याची शेजारीण. आमच्या परसांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण, त्यामुळे देवमाणूस घरात कसा असतो ते मला रोज दिसायचं.

तो पोस्टात होता. निवृत्त झाला आणि त्याला जुन्या मोटाररस्त्याचं वेड लागलं. तो रस्ता न्यूयॉर्कजवळच्या आमच्या लाँग आयलंडवर सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. एका कोट्यधीशाच्या पोराला मोटारी पळवायच्या होत्या आणि वाटेत धूळ, गुरं, माणसं काही नको होतं. म्हणून त्याने बटाट्याच्या शेतांमधून स्वतःचा काँक्रीटचा रस्ता काढला, पूल बांधले, फाटकं लावून टोल घेतला. पुढे सरकारचे फुकटचे रस्ते झाले आणि याच्याकडे कुणी फिरकेना. आता कुठे त्याची सायकलवाट झालीय, कुठे त्यावर विजेचे खांब आहेत आणि उरलेल्यावर आम्ही राहतो.

दर रविवारी ओटो आणि त्याच्या रस्तावेड्या मंडळातले लोक काठ्या घेऊन त्या रस्त्याच्या खुणा शोधायला निघायचे. सुपरमार्केटच्या मागे, शाळेच्या मैदानाकडेला, कुणाच्या तरी गॅरेजमागे. झुडपांतून रस्त्याच्या कडेचा एखादा चौकोनी काँक्रीटचा खांब निघाला की हरवलेलं पोर सापडल्यासारखे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. मग लायब्ररीत ओटो त्याच्या स्लाइड दाखवायचा. सुरुवात ठरलेली असायची. बायकोकडे बोट दाखवून म्हणायचा, "ही माझी मेना. जवळजवळ या रस्त्याच्याच वयाची, पण देखभाल त्याहून वाईट." लोक हसायचे. मेनाही कोट मांडीवर घेऊन हसायची. मला तिथेच उठून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

मेनाचे वडील नुन्झिओ तरुणपणी इटलीतल्या कालाब्रियाहून आले, ते याच रस्त्याचं काँक्रीट ओतायला. शेवटची वर्षं ते लेकीकडे होते. एकदा मी टोमॅटो द्यायला गेले, तर ओटोने म्हाताऱ्यासमोर टेपरेकॉर्डर मांडला होता. म्हातारा सांगत होता, त्याचा धाकटा भाऊ खडीच्या गाडीखाली कसा सापडला, आणि मुकादमाने त्याला बाजूला ठेवून दुपारपर्यंत काम कसं चालूच ठेवलं. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. ओटोने बटण दाबून टेप थांबवला.

"ते असू दे, बाबा. काँक्रीट किती जाड होतं?"

म्हाताऱ्याने बोटांनी जाडी दाखवली. मी टोमॅटो दारातच ठेवून परत आले.

म्हातारा गेला तेव्हा मागे एक अंजिराचं झाड राहिलं. गावाकडून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या काडीचं ते झाड. इथली थंडी अंजिराला सोसत नाही, म्हणून इटालियन लोक ते हिवाळ्यात पुरतात. नोव्हेंबरात मेना एका बाजूची मुळं तोडायची, झाड हळूच आडवं करून चरात निजवायची, वर पालापाचोळा, फळ्या, जुना गालिचा आणि माती घालायची. ईस्टरला, थंडी सरली की, परत उभं करायची. हे सगळं ती एकटीच करायची, कारण ओटोची पाठ दुखायची. खांब शोधताना मात्र ती कधी दुखली नाही.

ऑगस्टात ती मला वाडगाभर अंजिरं द्यायची, पण झाडाची काडी कुणालाच द्यायची नाही. मी तीनदा मागितली.

"फळं खा की हवी तेवढी, नोरीन. काडी मागू नकोस. ते माझे बाबा आहेत."

"बाई गं, एक काडी दिल्याने बाबा कमी होणार आहेत का?"

"होतील," ती म्हणाली आणि विषय संपवला. मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही.

मग ओटोने मोजमापं घेतली आणि जाहीर केलं, की रस्त्याचा आमच्या गावातला न सापडलेला तुकडा त्याच्याच परसात आहे, बरोबर अंजिराच्या खाली. मी कपडे वाळत घालत होते. दोघं पुरलेल्या झाडाशेजारी उभे होते.

"ईस्टरला झाड उठवते आणि त्या कोपऱ्यात लावते," मेना म्हणाली. "मग खण काय खणायचं ते. तोवर हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"आईची शपथ घे."

"घेतली. आता कॉफी देशील का?"

मार्चमध्ये मेनाची बहीण स्क्रँटनला जिन्यावरून पडली आणि मेना तिच्याकडे गेली. त्याच शनिवारी सकाळी यंत्राच्या आवाजाने मी बाहेर आले. भाड्याचा खोदाईचा ट्रॅक्टर, मंडळातली आठ-दहा माणसं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला गावच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला. त्याला म्हणे याच शनिवारी सवड होती.

मी कुंपणावरून ओरडले, "ओटो! अरे, झाड आहे ना तिथे!"

"माहीत आहे, नोरीन."

"मेनाला काय सांगशील?"

"झाडं काय, परत उगवतात. रस्ता उगवत नाही."

मंडळी हसली. गालिचा वर आला, फळ्या आल्या, मग कडाकड मोडत झाड आलं. त्याच्या खाली, हातभर खोल, काँक्रीट होतं. चांगलं गुळगुळीत. टाळ्या पडल्या, एक जण तर गुडघ्यांवर बसून त्यावरून हात फिरवू लागला. चिखलात फोटोवाल्याचे बूट बरबटत होते, म्हणून कुणीतरी फांद्या भरडायचं यंत्र चालू केलं आणि अंजिराचा भुगा पायवाटेवर पसरला. मुळं ट्रॅक्टरच्या दातांखाली गेली होती.

मेना रविवारी आली. बॅग हातात तशीच धरून मागे गेली. खड्डा बघितला. ओटो तिला फरशीच्या कडा दाखवू लागला.

"काडी ठेवलीस?" तिने विचारलं.

"कसली काडी?"

"एक तरी फांदी ठेवली असशील, ओटो. पाण्यात लावायला. बोटाएवढी चालेल."

"अगं, तू त्यावरच उभी आहेस," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आलं.

ती खाली बसली आणि भुगा चाळू लागली. अंधार पडेपर्यंत चाळत होती. मीही कुंपण ओलांडून तिच्याशेजारी बसले. नखाएवढ्या तुकड्यांपलीकडे हाती काही लागलं नाही. आत ओटो फोनवर कुणाला तरी जाडी सांगत होता.

त्याचा फोटो पहिल्या पानावर आला. उन्हाळाभर लांबलांबून लोक ती फरशी बघायला आले आणि मेनाने सगळ्यांना कॉफी दिली. मला तिची चीड यायची. भांडत का नाही ही बाई?

पुढच्या हिवाळ्यात ओटोला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत होती, डॉक्टरांनी तसं बजावून सांगितलं. मेनाने त्याची सेवा अशी केली की कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. रोज दाढी, रोज धुतलेला शर्ट, खाणं चमच्याने. खुर्ची मात्र घराच्या पुढच्या खिडकीत, परसाकडे पाठ करून. तो डाव्या हाताने मागच्या दाराकडे खुणा करायचा.

"काय हवंय, ओटो? कॉफी? आणते हं," ती म्हणायची आणि कॉफी आणायची. तो पुन्हा खुणा करायचा, ती पुन्हा कॉफी आणायची. मंडळाचे लोक भेटायला आले, की दारातूनच सांगायची, "आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा." तो दहा पावलांवर टक्क जागा असायचा. हळूहळू ते यायचे थांबले.

एप्रिलमध्ये तिने मातीचा ट्रक मागवला. ड्रायव्हरने खड्ड्यात वाकून बघितलं. "बाई, हा जुना रस्ता ना? पेपरात आलेला?"

"हो. बुजवा."

माती पडू लागली तसा आतून ओटोचा आवाज येऊ लागला. शब्द नव्हते, नुसता घशातला आवाज.

"मेना, त्याला ऐकू जातंय," मी म्हणाले.

"कान चांगले आहेत त्याचे," ती म्हणाली आणि आत गेली. मी मागोमाग गेले. त्याचे डोळे वाहत होते, डावा हात खुर्चीवर आपटत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मेनाने त्याचे डोळे पुसले, हनुवटी पुसली, शालीचं टोक नीट खोचलं.

"उगी, ओटो," ती म्हणाली. "एका ट्रकमध्ये नाही भागायचं. उद्या दुसरा येतोय."