शेजारी मागितलेली कळशी

“मॅडम, तुमच्याकडं नळ कधी येतो?” खुर्चीत बसता बसता कमलताईंनी मला विचारलं. प्रश्न मी विचारायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नाव बदललंय, बाई मात्र अगदी अशाच. छातीत धडधड, हाताला घाम, झोप नाही. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. म्हणून आमच्या सरांकडं पाठवलं. सर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे गोळ्या देणारे. मी त्यांच्या क्लिनिकमधली सायकॉलॉजिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारी. नवीच होते, आणि सीबीटी शिकून आल्याचा तोरा होता.

ती दुष्काळाची वर्षं. शहर मात्र चिकलठाण्याच्या बाजूनं पसरत सुटलं होतं. काल ज्वारी दिसली तिथं आज स्लॅब पडलेला असायचा. फ्लॅट वाढत होते, पाणी आटत होतं. नळ आला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून धावत. त्रास होताच, पण आज ते दिवस आठवले की मला बरं वाटतं. तेव्हा एका मजल्यावर नळ आला की सगळ्या बिल्डिंगमध्ये हाक जायची.

कमलताई गावाकडच्या मोठ्या शेतकरी घरातल्या. यजमान वाळूजला कंपनीत सुपरवायझर. घरात ड्रम भरलेले, पातेली भरलेली, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरलेल्या. आपण बाहेर गेलो आणि नळ आला तर, या धास्तीनं बाई घर सोडत नव्हत्या. त्या दिवशीही यजमान रजा काढून नळावर पहाऱ्याला बसले होते, म्हणून त्या येऊ शकल्या. हेही एक वेळ चाललं असतं. पण लेक गरोदर होती, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आणि कमलताईंनी तिला फोनवर सांगून टाकलं होतं, येऊ नको.

“बाळंतिणीचं न्हाणं, बाळाचं न्हाणं, दुपटी धुणं. मधीच पाणी सरलं म्हंजे?” त्या म्हणाल्या. “तवापासून पोरगी फोन उचलत नाय, मॅडम. मला माहेरच नाय म्हणली.” आणि रडायला लागल्या.

सीबीटी सोप्या भाषेत अशी: घाबरवणारा विचार पकडायचा, तो किती खरा आहे ते पुरावा बघून तपासायचं, आणि ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करून बघायचं. बहुतेक वेळा भीती फुगलेली निघते.

मी सरांकडं गेले.

“पुरावा तपासायला लाव,” सर म्हणाले.

“सर, पुरावा त्यांच्या बाजूनं आहे. पाणी खरंच येत नाही.”

सरांनी चष्मा काढला. “आमच्याकडंही चार दिवस झाले,” म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या वेळी मी भीती खोडायचा नाद सोडला. “समजा, संपलं पाणी. मग काय कराल?”

“मग?” कमलताईंनी पदराचं टोक पिळलं. “मग शेजारी मागावं लागंल.” चोरी करावी लागेल म्हणावं तसं म्हणाल्या. “मॅडम, आमच्या विहिरीवर सारं गाव पाणी भरायचं. आम्ही कुणाच्या दारात कळशी घेऊन गेलो नाय कधी. दिलंय. मागितलं नाय.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंना तहानेची भीती नव्हतीच. भीती दुसऱ्याच्या उंबऱ्याची होती.

मी त्यांना घरचा अभ्यास दिला. शेजारी जायचं आणि एक कळशी पाणी मागायचं.

“घरात ड्रम भरलेले असताना? येडी म्हणतील!”

“तेच बघायचंय. काय होईल ते आधी मला सांगून ठेवा.”

“शेजारची शमीमभाभी तोंडावर देईल अन् माघारी हसंल.”

आठवडाभर त्या गेल्याच नाहीत. रोज भाभींच्या दारापर्यंत जायच्या आणि रिकामी कळशी घेऊन परत. शेवटी एकदा दार आतूनच उघडलं, कारण शमीमभाभी बाजाराला निघाल्या होत्या. कमलताई सापडल्या.

“काय बोललात?”

“बोलता येतंय व्हय? कळशी पुढं केली नुसती.”

“आणि त्या?”

कमलताईंनी भाभींची नक्कल केली. “‘अल्ला, बाजी! मेरेकू तुमारे कने मांगने कू डर लगता था. तुम तो कब्बी कुछ मांगतेच नई!’ मॅडम, ती बाई वरच्या मजल्यावरनं पाणी आणत होती. माझे ड्रम भिंतीपल्याड, अन् तिला मागायची हिंमत नाय!”

त्या दिवशी एक कळशी इकडं आली आणि दोन तिकडं गेल्या. संध्याकाळी कमलताईंनी जावयाला फोन लावला आणि लेकीला द्यायला सांगितलं. लेक थोडी भांडली, थोडी रडली, आणि आली.

नात झाली. बारशाला मला बोलावणं होतं. बिल्डिंगमध्ये शिरले तर जिन्यात हंडे, बादल्या आणि बिर्याणीचं एक भलंमोठं डेगचं, सगळी पाण्यानं काठोकाठ. नळ आला नव्हता, टँकरनंही दगा दिला होता आणि घरातले ड्रम तळाला गेले होते. घर पाहुण्यांनी गच्च. कमलताई नवी साडी खोचून पाहुण्यांना चहा देत होत्या.

“छातीत धडधडलं का?” मी हळूच विचारलं.

“धडधडलं ना! तसंच जाऊन सगळी दारं वाजवली.”

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. सरांना आनंद झाला. “म्हणजे शेवटी त्यांची भीती खोटी ठरली.”

“नाही सर,” मी म्हणाले. “खरी ठरली. मागावंच लागलं. म्हणून तर त्या बऱ्या झाल्या.”