भावाच्या गावाला पाठवलेले सहा डबे

गोदामात तिला सगळे आठवडाबाई म्हणत. कुठल्याही औषधाचं नाव घ्या, ती डबे-बाटल्या सांगायची नाही. "अजून दीड आठवडा पुरेल," म्हणायची. नियोजनाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, पण तिनं ते लेकरासारखं शिकवलं. कुठल्या दवाखान्याला काय लागतं, कुठला रस्ता केव्हा बंद पडतो, सगळं त्यात भरलं. हळूहळू औषधं संपल्याच्या तक्रारी थांबल्या. साहेब पाहुण्यांना तिच्या टेबलापाशी आणून सांगायचे, "आमच्याकडे दोन डोकी आहेत. एक हिचं, दुसरं हिनं घडवलेलं."

तिच्या भावाच्या तान्ह्या मुलीला साधं दूध चालत नसे; ते अंगात विषासारखं साचायचं. ती एका खास पावडरीवर वाढत होती, आणि ती पावडर याच गोदामातून जायची.

एक दिवस पावडरीचा कारखानाच बंद पडला. उरलेले डबे सॉफ्टवेअरनं वाटून टाकले: लांबच्या दवाखान्यांना आधी, कारण तिथं पोचायलाच वेळ लागतो, जवळच्यांना दुसऱ्या कारखान्याच्या नव्या मालातून. भावाचं गाव जवळचं. नवा माल जहाजावर, आणि जहाज बंदराबाहेर अडकलेलं.

भावजयीचा फोन आला. "ताई, डबा खरवडायची वेळ आलीय. सगळं तुमच्याच हातात आहे ना?"

"बघते गं."

"बघते नको. पाठवते म्हणा."

फोन ठेवला. तिनं भावाच्या गावापुढे 'तातडीचं' अशी खूण केली. पडद्यावरचे आकडे हलले. गावापुढे सहा डबे आले आणि डोंगरावरच्या एका दवाखान्यापुढे शून्य. सॉफ्टवेअरनं काही विचारलं नाही. तिचा शब्द शेवटचा, हेही तिनंच त्याला शिकवलं होतं.

डोंगरावरच्या कंपाउंडरचा फोन आला तेव्हा डबे भावाकडे पोचले होते.

"बाई, गाडी आली, पण पावडर नाही. काही चुकलं का?"

"सॉफ्टवेअरनं तसं ठरवलंय."

"बरं," तो म्हणाला. "मग इथल्या या पावडरीवरच्या दोन पोरांच्या आयांना काय सांगू, तेही त्यालाच विचारून कळवा."

तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मग साहेबांना सगळं सांगितलं.

"अजून कुणाला माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"मला आहे."

"मग गप्प बस. माल आला की सगळं मिटेल."

ती तशीच बसनं भावाकडे गेली. "अर्धे परत दे," ती भावजयीला म्हणाली.

भावजयीनं मुलीला घट्ट धरलं. "ती पोरं तुमची कोण लागतात?"

"कुणी नाही. पण मी त्यांच्या तोंडचं काढून तुला दिलंय."

"मग मला कशाला दिलंत? दिलंच नसतंत तर मी दुसरीकडे हातपाय तरी मारले असते."

भाऊ उठला. बायकोकडे न बघता त्यानं तीन डबे बहिणीच्या पिशवीत घातले. भावजय मुलीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

डबे डोंगरावर पोचले. जहाज मात्र हललं नाही. भावजय पावडर पातळ करून पाजत राहिली. मुलगी मलूल झाली, हाका मारूनही डोळे उघडेना. दवाखान्यात सलाईन लागलं. आत्या बाहेरच्या बाकावर एका टोकाला बसून राही, भावजय दुसऱ्या टोकाला. मधली जागा भाऊसुद्धा घेत नसे. तो उभाच राही.

माल अखेर आला. मुलगी वाचली. चालायला मात्र फार उशिरा लागली, आणि अजून भिंत धरते. डोंगरावरचं एक पोर सावरलं. दुसऱ्याचे आईबाप ते तीन डबे पोचायच्या आधीच त्याला घेऊन शहराकडे निघून गेले होते. त्यांचा ठावठिकाणा कंपाउंडरलाही माहीत नाही. ती अधूनमधून त्याला फोन करते.

"काही कळलं?"

"नाही, बाई."

भाऊ गोदामाच्या दारात येऊन भेटतो. घरी ये, असं तो म्हणत नाही आणि तीही विचारत नाही.