आंदणाची जीप

माझी मेंढरं मी विकली. आजही कुणी माझ्यासमोर "नवऱ्यानं बायकोची मेंढरं विकून जीप घेतली" असं सांगायला लागलं, की मी त्याला मध्येच थांबवते. परभणीच्या बाजारात दिवसभर काठी घेऊन मी उभी होते. गिऱ्हाइकाशी घासाघीस मी केली, आणि शेवटच्या मेंढीचं दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं तेही मीच. अक्षर मी फार उशिरा, चाळिशीत शिकले. बहुतेक ही एक गोष्ट नीट लिहून ठेवता यावी म्हणूनच शिकले.

लग्नात बापानं मला बारा मेंढ्या आंदण दिल्या होत्या. आमच्या धनगरांत लेकीला दिलेलं आंदण कायमचं तिचं. मेंढरं सासरच्या कळपात चरतात, लोकर सासरच्या घोंगड्यांत जाते, पण विकायचं की ठेवायचं हे लेकीनं ठरवायचं. आंदणाच्या मेंढीला झालेलं कोकरूही आंदणातच धरतात. आठ वर्षांत माझ्या बाराची चाळीस झाली होती. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

थोरले दीर घराचे कारभारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या घरातलं कुत्रंही भुंकत नसे. माझे हे त्यांच्याहून बरेच लहान, भावाच्याच हाताखाली वाढलेले. मधली काही वर्षं हे हैदराबादला मोटारींच्या कारखान्यात राहून मिस्तरीकाम शिकले, आणि पोलीस ॲक्शनच्या वर्षी तिकडं धामधूम सुरू झाली तसे गावी परत आले. मग पुन्हा मेंढरं. मेंढरं एकीकडे आणि यांचे कान पालमच्या रस्त्यानं जाणाऱ्या मोटारीकडे. दोनदा लांडग्यानं कोकरू नेलं. त्यावरून मी यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे ऐकून घेत. भावापुढं तर यांची मान वर झालेली मी कधी पाहिलीच नव्हती.

मला राग होता जात्याचा. अकरा माणसांची ज्वारी रोज दळायची, वर "जात्याच्या पिठाची भाकर गोड" हे ऐकायचं. हे म्हणणारे सगळे बाप्ये. एकदा मी दिरांच्या देखत म्हणून गेले, "गोड लागंलच की, तुमाला कुठं दळावं लागतंय!" त्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परभणीत मी इंजिनाची चक्की पाहिली होती. ही चक्की आमच्याकडे का येत नाही, असं मी यांना विचारलं.

"इंजन कोण ओढील त्या काळ्या चिखलातून?" हे म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "मिलिट्रीची जीप असंल तर व्हईल. तिची चारी चाकं ओढत्यात. गावात गेलं की मागलं एक चाक उचलायचं, टायर काढायचं, रिंगवर पट्टा चढवायचा, की तीच चक्की फिरवती. हैदराबादंत एकानं असाच पाण्याचा पंप चालवला होता."

आठ वर्षांच्या संसारात हे एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. मी त्याच दिवशी ठरवलं.

दिरांना सांगितलं तेव्हा ते लोकर पिंजत बसले होते. "आंदण विकून लोखंड घ्यायलीस?" ते म्हणाले. "मेंढी मेली तर कातडं तरी हाती लागतं. लोखंड काय वितंय का?" मी पदर पुढे ओढून तशीच उभी राहिले. तेव्हा म्हणाले, "विक. आंदण तुजं हाय, मी कोण अडवणार? पर उद्या रडत आलीस तर या घरात तुजं म्हणून काय बी राहणार न्हाई, ध्यानात ठेव."

ते मी ध्यानात ठेवलं.

पिंगळी स्टेशनाजवळच्या एका मोकळ्या रानात एका गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, लष्कराच्या हर्रासातून, लिलावातून उचललेल्या गाड्या आणून टाकल्या होत्या. बहुतेक भंगारात जायच्या होत्या. आमची कोपऱ्यात बाभळीखाली उभी होती. हिरवा रंग पोपडे धरलेला, स्टेरिंग उलटं, डाव्या हाताला. चार टायर चार घरचे, आणि तळाच्या पत्र्याला एवढं भोक की त्यातून गवत वर आलेलं. गियरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे होते. त्यातला एक पुढच्या चाकांना जोर देणारा, आणि तोच जाम होता. गुत्तेदारानं ते लपवलं नाही. "वो डंडा जाम है, इसी वास्ते सस्ती है. लेना तो लेव, नक्को तो जाव," तो म्हणाला.

हे गाडीखाली शिरले ते तासभर बाहेर आले नाहीत. गियरच्या पेटीतलं थोडं तेल तळहातावर घेऊन बोटानं चोळून बघितलं, त्यात लोखंडाचा कीस आहे का म्हणून. बाहेर आले तेव्हा तोंड पडलेलं. मग माझ्या बाजूला येऊन, तोंड तसंच पाडून, हळूच म्हणाले, "नुसता गंज हाय. राकेलनं सुटंल." धनगराच्या पोरानं बाजारात जनावर आवडलं हे तोंडावर दाखवायचं नसतं, हैदराबादेत राहूनही हे तेवढं विसरले नव्हते. मग मी गाडीला नावं ठेवायला लागले. हिचे दात पडलेत, पाय चार रंगांचे आहेत, पोटाला भोक आहे. गुत्तेदार वैतागला आणि त्यानं आकडा सांगितला.

"हाली का कलदार?" मी विचारलं. निजामाचा हाली रुपया तेव्हा अजून चालत होता आणि सरकारी कलदार त्याच्याहून किमतीनं जड होता. बाईमाणूस हे विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "हाली ही देव, अम्मा." चाळीस मेंढरांतून गाडी झाली आणि एक जुनी, छोट्या दगडाची चक्कीही झाली.

पहिला दिवस आमच्याच गावात. पार माणसांनी भरला होता. दीर मधोमध बसले होते, लोखंडाची फजिती बघायला. गावाबाहेरच्या ओढ्यातून येताना यांनी पुढच्या चाकांचा दांडा टाकला होता. राकेल पिऊन तो आता लोण्यासारखा पडत होता. त्या आनंदात तो काढायचा राहिला. मागलं चाक उचललं, टायर काढलं, पट्टा चढवला, मी चक्कीत ज्वारी ओतली आणि यांनी गाडी गियरमध्ये टाकली. मागलं चाक हवेत फिरलं, पण पुढची दोन चाकं जमिनीवर होती आणि त्यांनाही जोर मिळाला. गाडीनं जॅकवरून उडी मारली, पट्ट्यानं चक्कीला फरफटत नेलं आणि सरळ पाराकडे निघाली. माणसं टोपल्या टाकून पळाली. दिरांचा फेटा एकीकडे आणि ते एकीकडे. पट्टा तुटला तशी चक्की मागं राहिली, आणि पाराच्या दगडाला टेकून गाडी थांबली.

कुणाला लागलं नाही. कुणीतरी ओरडलं, "आंदणाची हाय, माहेराला पळायली!" आणि अख्खं गाव हसलं. वर्षभर ते वाक्य मला पाणवठ्यावर ऐकावं लागलं.

मी यांना तिथंच, चारचौघांत फैलावर घेतलं. हैदराबादेत काय गाढवं वळली का, इथपर्यंत गेले. हे मान खाली घालून तुटलेला पट्टा गोळा करत होते. मला आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. पोत्याची दाभण घेऊन मी त्याच पारावर बसून पट्टा शिवला. कोण बघतंय ते बघितलं नाही. त्या दिवसापासून चक्की लावण्याआधी मी विचारायची, "दांडा?" आणि हे म्हणायचे, "काढला." ते ऐकल्याशिवाय मी टोपलीला हात लावत नसे.

मग पिठाची कुचाळकी निघाली. पिठाला पेट्रोलचा वास येतो. मिलिट्रीची गाडी, तिच्यातून काय काय वाहिलं असेल. धनगरणीच्या हातचं पीठ बामणाला चालेल का. मी एका गावात जीपच्या बॉनेटवर उभी राहून सांगितलं, "ज्याला चालत न्हाई त्यानं आपल्या बायकूला जात्यावर बसवावं अन् समोर बसून बघावं." पुढच्या वेळी त्या गावातल्या बायका टोपल्या घेऊन आमच्या आधी पारावर हजर होत्या. त्यात दोन बामणाच्या होत्या.

श्रावण-भादव्यात काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतते. मोटार तर सडक सोडून आत येतच नसे. आमची जीप दांडा टाकून, चारी पायांनी खरडत, गुरगुरत, आडवी होत का होईना, पण जायची. आजारी माणसं नेली, बाळंतिणी नेल्या, एकदा पोखर्णीच्या नरसिंहाचा नवस फेडायला एक अख्खं घर नेलं. पण मुख्य काम दळण. त्या पावसाळ्यात बारा-पंधरा गावं आमची वाट बघायला लागली.

आणि तेव्हाच दिरांच्या तोंडात "आपली जीप" आलं.

आधी मी कानाआड केलं. मग ते एका सांजेला म्हणाले, "चक्की काढून टाकू. बाजाराला मेंढरं न्यायला जीप लागायलीय. घर एक, कळप एक, तशी गाडी बी एकच." म्हणजे मी पुन्हा जात्यावर. चाळीस मेंढरं गेली, गाडीही जाणार, आणि "तुजं म्हणून काय बी राहणार न्हाई" हे मी न रडताच खरं होणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "दादा, आंदण माजं हाय. पंच बसवा."

सुनेनं थोरल्या दिराविरुद्ध पंच बसवायला सांगणं आमच्या वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हे गोठ्यात गेले ते बाहेरच आले नाहीत. त्यांच्याकडून मी कशाची आशा धरली नव्हती, हे खरं सांगते.

बिरोबाच्या ओट्यावर वाडीतले पाच म्हातारे बसले. मी खाली उभी राहिले. पंचांना मी एकच गोष्ट विचारली. "आंदणाच्या मेंढीचं कोकरू कुणाचं?"

"आंदणाचंच," सगळ्यात म्हातारा पंच म्हणाला. "त्यात काय इचारायचं?"

"मग माज्या मेंढरांतून ही गाडी झाली. ही बी कोकरूच."

दोघं-तिघं माना हलवायला लागले. पण दीर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "कबूल. लोखंड तिचं. पर ते बाभळीखाली पडलं होतं, त्यात गवत उगवलं होतं. चालतं कुणी केलं? माज्या भावानं. चालवतंय कोण? माजा भाऊ. अन् भाऊ कुणाच्या घरातला? त्याची मेहनत एकत्र घराची हाय. ती मेहनत काढून घेतली तर तिच्या हातात काय राहतंय? भंगार!"

खरंच, गाडीला किल्ली लावणंसुद्धा मला येत नव्हतं. म्हाताऱ्या पंचानं यांच्याकडं बघितलं. हे ओट्याच्या कडेला, भावाच्या मागं दोन पावलं, नेहमीच्या जागी उभे होते.

"तू सांग बाबा. मेहनत तुजी हाय. गाडीवर तुजा काय हक्क?"

यांनी मान वर केली. भावाकडं बघितलं.

"माजा काय बी हक्क न्हाई," हे म्हणाले. "म्या तिच्या गाडीवर सालगडी हाय."

कुणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. बाप्यानं बायकोचा सालगडी, वर्षाच्या बोलीचा गडी म्हणवून घ्यायचं, तेही देवाच्या ओट्यावर, भावकीसमोर! दीर म्हणाले, "शुद्धीवर हाईस का?"

"हाय, दादा. सालगडी रान कसतो म्हणून रान त्याचं व्हतंय का? अन् त्याच्या भावाचं व्हतंय का?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. म्हातारा पंच हसला नाही. तो म्हणाला, "गाडी आंदणाची. चक्की बी आंदणाची. उठा." आणि काठी टेकत उठता उठता, निवाडा पक्का करायला म्हणून का गंमत म्हणून, कोण जाणे, त्यानं यांना विचारलं, "काय रं, साल काय ठरलंय तुजं?"

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "दोन टायमाला भाकर अन् शिव्या."

आता मात्र सगळा ओटा खदखदून हसला. दीरसुद्धा तोंड फिरवून हसले. मी पदर तोंडाला लावला होता, लोकांना वाटलं मीही हसते आहे. पण मी रडत होते. पाराजवळची ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

पंचानं मला विचारलं, "बाई, तुला कबूल हाय का?"

"भाकर कबूल," मी म्हणाले. "शिव्या आजपासून बंद."