मटणात साखर कुठली?

यजमानांची साखर बॉर्डरवर आहे, असं राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आमच्या घरानं साखरेला वाळीत टाकलं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. सासूबाईंचा पाय मधुमेहानं गेला होता. त्यांची जखम मीच धुवायची, त्यामुळं मी तर हादरलेच. 'अजून आजार झालेला नाही, टाळता येईल,' असं डॉक्टर म्हणाले. खाणं कमी करा, रोज चाला, असंही म्हणाले. आमच्या यजमानांनी त्यातून सोयीचा तेवढा अर्थ काढला. गोड बंद, बाकी सगळं चालू.

बिनसाखरेचा चहा ते विष पचवल्यासारखं तोंड करून प्यायचे. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात येईल त्याला ऐकवायचे, "आपण गोडाला शिवत न्हाय." लोकही वा वा करायचे. आणि रविवार आला की हाच तपस्वी मटणावर तुटून पडायचा. शिवाय सकाळी उकडलेली अंडी, रात्री तांब्याभर म्हशीचं दूध. जत्रांचा हंगाम सुरू झाला की विचारूच नका. आमच्याकडं गावोगावच्या जत्रेला मटणाचं जेवण असतं आणि आमंत्रण मोडलं की पाहुणे रुसतात. यजमानांनी कुणाला कधी रुसू दिलं नाही. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "आगं, मटणात साखर कुठली?"

माझं डोकं फिरायचं. पण मटणाबद्दल ब्र काढला की मीच वैरीण. थोरल्या वन्सं तर रविवारी मटणाचा डबा घेऊनच हजर व्हायच्या. "माझ्या भावाला उपाशी मारतीस व्हय? ताकद कुठनं यायची त्याला?" स्वतःच्या आईच्या आजारपणात एकदाही पट्टी बदलायला न बसलेली ही बाई मला शिकवत होती!

व्हायचं तेच झालं. पुढच्या तपासणीत साखर बॉर्डर ओलांडून गेली. डॉक्टरांसमोर यजमान माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मी साखर कवाच सोडलीया. हीच सैपाकात घालत असणार." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मात्र त्यांनी सगळं छाती फुगवून सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. "अहो, प्रथिनंसुद्धा प्रमाणातच खायची असतात," म्हणाले. मांसाहारातून काही अमायनो आम्लं सतत जास्त पोटात गेली तर मधुमेहाचा धोका वाढू शकतो, हे मी पुढं बऱ्याच वर्षांनी वाचलं. ह्यांना नेमकं कशानं झालं, हे कोण सांगणार? पण मी साखर घातली नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी वन्सं आल्या. हातात डबा होताच. "तूच चोरून गोड चारलं असशील," असं म्हणाल्या आणि मग मी सोडलं नाही. डबा त्यांच्यापुढं आदळला.

"न्या ह्यो परत! तुमच्या आईचा पाय मी धुतला. उद्या ह्यांना सुया टोचायची पाळी आली तर तुमी येणार हाय काय? तवा बी डबाच घिऊन येशीला!"

यजमान जेवायला बसलेच होते. त्यांनी एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"भांडान मागनं करा की," ते म्हणाले, "मटण गार व्हाय लागलंय."