पडवीत काढून ठेवलेला सेल्फ

प्रिय ईरा आणि अनय,

हे आज लिहिण्याचं कारण म्हणजे उद्या सकाळी नानांची गाडी भंगारात जाणार आहे. दुसरं कारण तू आहेस, ईरा. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, नानांनी तेव्हा सरळ टॅक्सी का नाही केली?" मी म्हणाले, नेटवर्क जातंय. नेटवर्क चांगलं होतं.

तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तरी मराठीतच लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर मला ते फार नीटनेटकं करता आलं असतं... आणि ही गोष्ट नीटनेटकी नाही.

आधी एक सांगते. माझा असल्या गोष्टींवर कधीही विश्वास नव्हता. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. स्टाफरूममध्ये कुणी अमक्या वळणावरची बाई, तमक्या विहिरीतला आवाज असलं काही सुरू केलं की मी पेपर तपासायला घ्यायचे. नाना तर माझ्या वरचे. पाटबंधारे खात्यातला माणूस, प्रत्येक आवाजाचं कारण शोधणार. पंखा करकरला तरी स्टूल घेऊन वर चढणार. तेव्हा पुढचं वाचताना 'आजी भाबडी आहे' असं समजू नका. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

अखाजीच्या आधीचा आठवडा होता. तुम्ही तिकडे अक्षय तृतीया म्हणता, इथे खानदेशात ती अखाजी. सासरी गेलेल्या लेकीने अखाजीला माहेरी यायचं, आणि तिने आपली आपण नाही यायचं, तिला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ नसेल तर बाप. मंजूला, म्हणजे तुमच्या आईला, भाऊ नव्हता. त्यामुळे तिचं लग्न झाल्यापासून दर वर्षी नाना स्वतः गाडी घेऊन धुळ्याच्या देवपुरातून निघायचे, पारोळा, एरंडोल करत जळगावला जायचे, आणि फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवायचे. तुमचे बाबा होते तोवर ते नानांना चिडवायचे, "सासरेबुवा, फोन केला असता तरी मी आणून सोडली असती." नाना म्हणायचे, "तुम्ही आणली तर ती पाहुणी झाली."

त्या वर्षी मंजूचं औषध डॉक्टरांनी थांबवलं होतं. 'त्यांना जे आवडेल ते करू द्या,' असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. या वाक्याचा अर्थ मला इंग्रजीतही कळतो आणि मराठीतही. मंजूला एकच हवं होतं: अखाजीला धुळ्याला यायचं आणि मग इथेच राहायचं. मी महिनाभर तिच्याजवळ होते. तिची खोली तयार करायला म्हणून तीन दिवस आधी धुळ्याला परत आले. तिच्याजवळ सिंधूअक्का होती, धरणगावकडची, तिचं सगळं करणारी. तुमची तिकिटं अखाजीनंतरची होती. परीक्षा होत्या. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलेलं नाही आणि आताही म्हणत नाही.

मी आले त्या दिवशी गाडी बिघडली.

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं. नानांनी आधी बॅटरी पाहिली. हेडलाइट लावून मला समोर उभं केलं, "मी किल्ली मारतो, दिवा मंद होतो का बघ." झाला नाही. मग मल्टीमीटर लावला, टर्मिनल घासून पुसून साफ केले. तरी टक्. मग बॉनेटमध्ये वाकून पान्याच्या दांड्याने खाली कशावर तरी हलकेच ठोकलं आणि मला म्हणाले, "आता मार." गाडी चालू झाली. नाना खूश झाले नाहीत. "सेल्फ गेलाय," ते म्हणाले. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनाला पहिला झटका देणारी. "आतले कार्बन झिजलेत. ठोकून एकदा चालेल, दोनदा चालेल."

शेजारचे भाऊसाहेब भिंतीवरून म्हणाले, "नाना, मग धक्का मारू की! मी आहे, माझा जावई आलाय."

"आणि वाटेत बंद पडली तर? या उन्हात मंजूला रस्त्यावर बसवू आणि तुझ्या जावयाला बोलावू?"

"मग माझी गाडी न्या."

"तुझी गाडी तुझ्या लेकीला आणायला."

मी टॅक्सी म्हणाले होते, ईरा. त्याच संध्याकाळी. नानांनी फोन माझ्या हातात दिला, "तिलाच विचार." मंजूचा आवाज तेव्हा फार बारीक झाला होता, पण हसली. म्हणाली, "आई, भाड्याच्या गाडीत मुराळी येतो का कधी? ड्रायव्हर हॉर्न वाजवेल आणि मी त्याच्यासाठी बाहेर येऊ? नानांना सांग, दोन दिवस मी कुठे जात नाही." नानांनी फोन ओढून घेतला. "मंजे, बॅग भरून ठेव. नटापट्टा करत बसू नकोस."

"नाना, तुम्ही आधी गाडी चालू करा."

म्हणजे टॅक्सी का नाही, याचं उत्तर हे आहे. दोघांनाही नको होती. मला माहीत आहे की हे उत्तर पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी सेल्फ काढला. त्यांची कामाची पद्धत तुम्हाला आठवत असेल. आधी गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. मग बॅटरीची केबल सुटी. पण त्या दिवशी त्यांनी बॅटरीच उचलून घरात आणली, रात्रभर चार्जिंगला लावायची म्हणून. नटबोल्ट स्टीलच्या वाटीत. सेल्फ बाहेर आला तो काळाकुट्ट, तेलकट, एखाद्या मोठ्या वांग्याएवढा. पडवीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवला. मग रिक्षाने जाऊन नवा घेऊन आले, दोन्ही शेजारी ठेवले, आणि डोक्याला हात लावला. सेल्फच्या टोकाशी असलेल्या छोट्या चाकाचे दात जुळत नव्हते. दुकानदाराने दुसऱ्या मॉडेलचा दिला होता. फोन केला तर तो म्हणाला, "नाना, बरोबरचा नाशिकहून मागवतो, उद्या सकाळी तुमच्या दारात." अखाजी परवावर होती. नाना म्हणाले, "चालेल. उद्या बसवतो आणि दुपारी निघतो."

आता जे लिहिते ते त्याच दुपारचं.

मी चहा टाकला होता. नाना माझ्यासमोर, स्वयंपाकघराच्या दारात बसून हाताचं ग्रीस रॉकेलने काढत होते. बॅटरी आतल्या खोलीत चार्जरवर होती, किल्ली खिळ्याला. दोन्ही सेल्फ पडवीत, मला बसल्या जागेवरून दिसत होते.

आणि गाडी चालू झाली.

घरर्र... घरर्र... करून इंजिन फिरलं, पकडलं, आणि एकसारखं चालू राहिलं. वीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो. त्या इंजिनाला बारीकशी खोकल्यासारखी उचकी होती, तीसुद्धा मी ऐकली. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. रॉकेलचा बोळा हातातच राहिला.

भिंतीपलीकडून भाऊसाहेब ओरडले, "अरे वा नाना! बसवला का सेल्फ? पेढे आणा आता!"

आम्ही बाहेर गेलो. पोर्चमध्ये गाडी उभी होती, बॉनेट उघडं, बॅटरीची जागा रिकामी. आम्ही दारात पोहोचलो तोवर आवाज थांबला होता. मी बॉनेटला हात लावला, तापलेलं होतं. पण वैशाखात धुळ्यातलं कुठलं लोखंड तापलेलं नसतं? मी तसं म्हणालेही. नाना गाडीच्या मागे गेले, वाकले, आणि सायलेन्सरच्या नळीला बोट लावलं. ती बाजू दिवसभर सावलीत असते. त्यांनी हात झटकला. बोटाच्या टोकाला फोड आला, आणि तो पुढचे कितीतरी दिवस होता. बोट चटकन ओढून घेण्याइतकी नळी कशाने तापली, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

घरात फोन वाजत होता. चहा उतू गेला होता.

फोन सिंधूअक्काचा. ती रडत होती आणि मला आधी काही कळेना. मग म्हणाली, "माय, नाना कथा गयात? गाडीना आवाज उना. दोनदा हॉर्न वाजना. ताई बोलनी, नाना उनात, फाटक उघाड. मी पयत गयी. बाहेर कोनीच नई व्हतं, माय... रस्ता बठ्ठा मोकळा. मांगे फिरनी तं..."

तिची अहिराणी तुम्हाला कळणार नाही: नाना कुठे गेले, ती विचारत होती; गाडीचा आवाज आला, दोनदा हॉर्न वाजला, मंजू म्हणाली नाना आलेत, फाटक उघड, आणि ही पळत गेली तर बाहेर कुणीच नव्हतं. ती मागे फिरली तेव्हा मंजू खाटेच्या कडेला बसलेली होती. भिंतीला टेकून, गेलेली. तीन आठवडे तिला कुणी आधार दिल्याशिवाय उठून बसता आलं नव्हतं. पाय खाली सोडलेले होते, आणि पायांत चपला घातलेल्या होत्या.

सिंधूअक्का तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. "पायमा चपला घालेल व्हत्यात, माय."

आम्ही भाऊसाहेबांच्या गाडीतून जळगावला गेलो. नाना पुढच्या सीटवर, हात मांडीवर उपडे ठेवून. एरंडोल मागे पडलं. मग काचेकडे तोंड करून म्हणाले, "गाडी गेली तिला आणायला. मी घरी राहिलो."

भाऊसाहेबांना वाटलं, नाना भ्रमात बोलताहेत. मला तसं वाटलं नाही.

नंतर सगळे आले, बसले, बोलले. सिंधूअक्काने सगळ्यांना सांगितलं, भाऊसाहेबांनी त्यात आपलं जोडलं, आणि दहाव्यापर्यंत त्याची एक सुंदर गोष्ट झाली. 'किती भाग्याची लेक! बापाच्या जिवाने जाऊन आणली.' बायका माझा हात हातात घेऊन हे म्हणायच्या. मी मान हलवायचे. तुम्ही दोघं आलात तेव्हा तुमच्या कानावरही हेच आलं असेल.

मला त्यात भाग्य दिसत नाही. मला एवढंच दिसतं — तिने गाडी ऐकली. हॉर्न ऐकला. कुठून तरी बळ आणून उठली, चपला शोधल्या, घातल्या, आणि दाराकडे बघत बसली. आणि कुणी आत आलं नाही. नाना तर धुळ्यात होते, हाताला ग्रीस लागलेलं. तिला शेवटी काय वाटलं असेल? नाना आले आणि न भेटता परत गेले, असं? भूतबीत असल्या गोष्टींची मला भीती वाटत नाही. रोज दुपारी चहा टाकताना भीती वाटते ती या एका प्रश्नाची. नानांनाही तोच प्रश्न होता. आम्ही एकाच घरात राहून एकमेकांना तो कधी विचारला नाही.

बरोबरचा सेल्फ सांगितल्याप्रमाणे नाशिकहून आला होता. दुकानदार बिचारा बंद दाराशी ठेवून गेला. तिचे दिवस झाल्यावर नानांनी तो बसवला. मला वाटलं होतं बसवणार नाहीत. पण त्यांनी सगळं नेहमीसारखं केलं. बोल्ट वाटीतून एकेक घेतले, केबल लावली, बॅटरी ठेवली, सगळ्यात शेवटी किल्ली खिळ्यावरून काढली. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हा आवाज तो नाही." त्यानंतर ते त्या गाडीत बसले नाहीत. पुढच्या अखाजीला मी गेलेल्यांच्या नावाने भरायच्या त्या एकीऐवजी दोन घागरी भरल्या, कारण तोवर नानाही गेले होते. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. ते कारण बरोबर असेल.

या गोष्टीला लॉजिक लावून पाहायचा मी खूप प्रयत्न केला. शेजारच्या गल्लीतली दुसरी गाडी असेल म्हणावं, तर फोड कुठून आला? आम्हाला भास झाला म्हणावं, तर भाऊसाहेबांनी पेढे कशाचे मागितले? जळगावात कुणाची तरी गाडी फाटकाशी थांबून गेली असेल. हे शक्य आहे, मी ते नाकारत नाही. प्रत्येक तुकड्याला काही ना काही कारण सापडतं. सगळे तुकडे एकत्र ठेवले की त्या दोन सेल्फसारखं होतं, दात जुळत नाहीत. अनय, तू इंजिनिअर आहेस. तुला जुळले तर मला सांग. मला वाईट वाटणार नाही.

आणि ईरा, टॅक्सी केली असती तर तुझी आई या घरात पोहोचली असती. दोन दिवस राहिली असती, कदाचित जास्त. ते खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. ते नानांनाही माहीत होतं. त्यांच्यावर राग धरायचा असेल तर धर, पण त्यांचं ते बोट आठवून धर.

उद्या सकाळी लोक येतील आणि गाडी ओढून नेतील. नवा सेल्फ तिच्यासोबत जाईल. जुना मी ठेवून घेतला आहे, पडवीच्या फळीवर आहे, फिरत नाही. तुमच्या आईच्या चपला माझ्या कपाटात आहेत. डाव्या चपलेचा अंगठा थोडा उसवला आहे, बाकी चांगल्या आहेत.

— आजी
देवपूर, धुळे