नवसाबाईचा खरा कौल

पेठच्या पलीकडे डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर काळू भोये भगतकी करायचा. बापाकडून त्याच्याकडे आलेली. कुणाचा ताप उतरेना, कुणाची गाय दूध देईना, कुणाची लेक सासरहून येऊन नुसती भिंतीकडे बघत बसली, की माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसत. काळू अंघोळ करून सुपात तांदूळ घ्यायचा, देवाचं नाव घेऊन चिमूट उचलायचा आणि दाणे जोडीजोडीनं बाजूला लावत जायचा. सगळे जोडीनं सुटले तर देव घरात आहे, दुखणं घरातच बरं होणार. शेवटी एक दाणा एकटा उरला तर देव बाहेर बोलावतोय. मग डोंगरावरच्या थानाला जायचं, कोंबडं द्यायचं.

त्याची बायको नवसाबाई सूप मांडून द्यायची. दाणे बघायच्या दिवशी ती सूर्य बुडेपर्यंत तोंडात काही घालत नसे. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा देवाशी बोलणार आणि आपण चुलीपाशी भाकर खात बसणार, हे तिला बरं वाटायचं नाही एवढंच.

एका पावसाळ्यात शेजारच्या धोंडाबाईच्या नातवाला, दीपकला, मण्यार चावला. पोराला घेऊन ते काळूकडेच आले. दाणे जोडीनं सुटले. काळूनं तसं सांगितलं, मंत्र घातला, पाला चोळला. दुपार कलायच्या आत पोराचे डोळे मिटू लागले आणि काळूच्याच मांडीवर ते गेलं. धोंडाबाईनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. देवाची मर्जी, म्हणाली. काळूला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस घास गिळवेना.

त्याच सुमारास ललिता पाड्यावर आशाताई म्हणून फिरायला लागली होती. घरोघर जायची, माणसं तिला पाणी द्यायची, मान डोलवायची आणि ती गेली की काळूकडे यायची. एक दिवस तीच त्याच्या ओट्यावर येऊन बसली.

"बाबा, माझं कुणी ऐकत नाय, तुमचं ऐकतात," ती म्हणाली. "देव सोडा असं मी कुणाला सांगत नाय. फक्त देवानंच म्हणावं, दवाखान्यात जा."

काळू उठून आत गेला. पण पुढच्या वेळी एक बाळंतीण अडली, तेव्हा त्यानं दाणे जोडीनं सुटत आलेले पाहिले आणि अंगठ्यानं एक दाणा हळूच सुपाच्या काठाखाली सारला. एक दाणा एकटा उरला. "देव बाहेर बोलावतोय," तो म्हणाला. "पेठच्या दवाखान्यात न्या." माणसं मुकाट गाडीत बसली. बाळ-बाळंतीण सुखरूप परत आली आणि काळूच्या देवाचं नाव आणखी लांब गेलं.

मग ती रीतच पडली. कावीळ, क्षय, पोटातलं पाणी, अडलेल्या बाया, सगळ्यांना काळूचा देव बाहेर बोलवायचा. कुणी विचारलं नाही की हा देव अलीकडे डोंगराकडे न बोलावता दवाखान्याकडेच का बोलावतो. आरोग्य खात्याच्या एका बैठकीत काळूला शाल मिळाली. नवसाबाईनं ती देवाच्या फळीवर ठेवली.

काळूच्या आत मात्र काहीतरी आटत चाललं होतं. पूर्वी चिमूट उचलताना त्याच्या अंगावर काटा यायचा. बोटं कुणाच्या तरी हातात आहेत असं वाटायचं. आता समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला, पोट दाबून पाहिलं, की उत्तर आधीच ठरायचं आणि तांदूळ नुसते तांदूळ राहायचे. बापालाही असंच होत होतं का, हे विचारायला बाप उरला नव्हता. माणसं जगतात, मग बिघडलं कुठं, असं तो स्वतःला समजवायचा. पण डोंगरावरच्या थानापुढे उभा राहिला की त्याला शेंदूर लावलेला दगड दिसायचा, त्यापलीकडे काही नाही.

नवसाबाईला पाळी जाऊन वर्षं झाली होती, तरी तिला रक्त जायला लागलं. तिनं ते लपवलं. सगळे उठायच्या आत ओहोळावर जाऊन फडकी धुवायची. कंबर दुखते एवढंच म्हणायची. शेवटी ललितालाच शंका आली, तिनं तिला बाजूला घेऊन बोलतं केलं आणि काळूला सांगितलं.

काळूनं सूप मांडलं. त्या दिवशीही नवसाबाई उपाशीच होती. त्यानं दाणा सारला, एक एकटा उरवला. नवसाबाईनं त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागली.

नाशिकला त्यांचा मुलगा दत्तू अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. त्यानं रजा काढून आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. मशीनचे शेक सुरू झाले. नवसाबाईची कातडी भाजल्यासारखी काळी पडली, लघवीला बसली की ती पदर तोंडात धरायची. वॉर्डाबाहेर जिन्याजवळ भिंतीत एक लहानसं देऊळ होतं. नातेवाईक तिथं डोकं टेकवून आत जायचे. वॉर्डातली तरुण डॉक्टरही रोज सकाळी पायरीला हात लावून मग कामाला लागायची. काळू बाकावर बसून ते बघायचा. तिला काही उत्तर येत असेल का, असं त्याला विचारावंसं वाटे. पण धीर झाला नाही.

शेक संपले, मध्ये महिने गेले आणि दुखणं यकृतात उतरलेलं दिसलं. त्याच डॉक्टरनं काळूला आणि दत्तूला बाजूला बोलावलं. चांगली मुलगी होती, घाईत बोलली नाही. आता शेक नाही, औषधही नाही, दुखू नये म्हणून गोळ्या देते, त्या चुकवू नका, आजींना घरी न्या, असं तिनं नीट समजावलं. आणि काळूचा चेहरा बघून शेवटी म्हणाली, "आता देवावर भरवसा ठेवा, बाबा."

काळूला क्षणभर आपणच बोलल्यासारखं वाटलं. तो लोकांना देवाच्या नावानं दवाखान्यात पाठवत आला होता आणि दवाखान्यानं त्याला देवाकडे परत पाठवलं होतं. त्यानं डॉक्टरला हात जोडले.

घरी आल्यावर नवसाबाई खाटेवरच असायची. गोळी घेतली की गुंगीत राहायची, दुखणं दबून जायचं. एक दिवस सकाळी तिनं त्याला जवळ बोलावलं.

"दत्तूच्या बा, माझ्यासाठी दाणे बघ."

"बघितले होते ना."

"तेव्हा तू दाणा सारलास. लोकांसाठी सारतोस, ते मला पहिल्यापासून ठावं हाय. त्यांचं भलं व्हतं, म्हणून मी बोलले नाय." ती दम खात थांबली. "पण मला खरा कौल दे. माझ्याशी देवानं खरं बोलावं."

एवढी वर्षं ती सगळं बघत होती आणि तरीही उपाशी राहत होती. तो माणसांना फसवतो हे तिला माहीत होतं. देव त्याच्याशी बोलतो, यावर मात्र तिचा भरवसा तसाच होता.

त्यानं अंघोळ केली, सूप मांडलं. नवसाबाई उशीला टेकून बसली. त्यानं चिमूट उचलली आणि अंगठा आत दुमडून धरला. जोडी, जोडी, जोडी. एकही दाणा एकटा उरला नाही.

"घरातच बरी व्हशील," तो म्हणाला. दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

नवसाबाईच्या चेहऱ्यावर त्यानं महिनोन्‌महिने न पाहिलेलं हसू आलं. त्या दिवशी सूर्य बुडाल्यावर तिनं पेज मागून घेतली. आणि गोळी घेईना. गोळीनं सगळं अंग बधिर होतं, देवाचा हात अंगावरून फिरेल तो मला कळायला पाहिजे, असं ती म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी दुखणं उसळलं. ती खाटेची दोरी धरून तळमळत राहिली, ओठ चावून रक्त काढलं, पण गोळीसाठी तोंड उघडेना. ललिता येऊन विनवून गेली. दत्तूनं फोनवर रडून सांगितलं. नवसाबाईचं एकच म्हणणं, खरा कौल मिळालाय.

काळूनं पुन्हा सूप मांडलं, दाणा सारला. देव म्हणतोय गोळी घे, असं सांगितलं.

"सारलास," ती म्हणाली. तिनं डोळेही पूर्ण उघडले नव्हते.

तेव्हा काळू तिच्या खाटेपाशी खाली बसला. "ते नुसते तांदूळ हायेत, नवसा," तो म्हणाला. "त्या दिवशीपण नुसते तांदूळच व्हते. मला कुणी काय सांगत नाय. लय वरसं झाली. देव नाय तिथं."

नवसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावली नाही, रडलीही नाही. बऱ्याच वेळानं तिनं लहान लेकरासारखं तोंड उघडलं. काळूनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं.

त्यानंतर तिनं एकही गोळी चुकवली नाही. दुखण्यानं ती पुन्हा तळमळली नाही. पण पेज मागितली नाही, दत्तूची चौकशी केली नाही, फळीवरच्या देवाकडे मान वळवली नाही. काळू तिचे पाय चोळायचा, पाड्यातल्या गोष्टी सांगायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिला काही हवं का, असं विचारलं की मान हलवायची, नको. अशीच ती भिंतीकडे तोंड करून गेली. काळू तेव्हा पाणी आणायला उठला होता.

दिवसकार्य झालं आणि थोड्याच दिवसांनी ललिता एका कुटुंबाला घेऊन आली. त्यांची सून संध्या सात महिन्यांची गरोदर होती, तोंड आणि पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ललितानं आधीच सांगून पाहिलं होतं, सासू ऐकत नव्हती. काळूनं संध्याकडे एकदा पाहिलं. "आत्ताच्या आत्ता न्या," तो म्हणाला.

सासू वाट बघत बसली. दाणे कधी बघणार, असं तिनं विचारलं. ललितानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. काळूनं आत जाऊन सूप हातात घेतलं, पण तांदळात हात घालवेना. नवसाबाईचं उघडं तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तो रिकाम्या हातांनी बाहेर आला. "देवाचं जाऊ द्या, मी सांगतो, न्या तिला." त्याच्या स्वतःच्या शब्दाला त्या घरात काहीच किंमत नव्हती. ते उठले आणि खालच्या पाड्यावरच्या दुसऱ्या भगताकडे गेले.

संध्याला झटके आल्यावर मग गाडी बोलावली गेली. संध्या वाचली, बाळ पोटातच गेलं होतं.

ललिता त्याला बोलायला आली नाही. ती आली असती, भांडली असती तर बरं झालं असतं असं काळूला वाटत राहिलं. महिन्याभरानं दत्तू त्याला अंबडला घेऊन गेला. तिथं पत्र्याच्या खोलीत तो दिवसभर बसून असतो. दत्तू कामावर जाताना डबा झाकून ठेवतो. शेजारपाजारच्या बाया आधी विचारायच्या, बाबा गावाकडे काय करायचे. शेती, असं तो सांगायचा. आता कुणी विचारत नाही.