मुशीचं तेल आणि डावा कोपरा

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या नातीच्या पायांना मुशीचं तेल चोळलं आणि तिची नोकरी जवळजवळ घालवली. तेव्हा मी पासष्टीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून थोडा वेळ होता. आता आली आहे असं माझं म्हणणं आहे. घरातले म्हणतात, बघू.

मुशी म्हणजे लहान शार्क मासा. तिच्या कलेजीचं तेल आमच्या पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर पूर्वी घरोघरी असायचं. होडीच्या फळ्यांना आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना एकच डबा. रंग काळ्या चहासारखा, वास असा की मांजर आत येतं आणि पाहुणा बाहेर जातो.

नात कबड्डी खेळते. हौसेनं नाही, पोटासाठी. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला मुलींच्या संघात घेतलं होतं. सकाळी चार तास पॅकिंग खात्यात, मग सराव. करार एका मोसमाचा. मोसम संपला की पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं. संघातल्या दोघींबरोबर ती तिथेच भाड्याच्या खोलीत राहायची.

तिला चढाईचं वेड मी लावलं. ती एवढीशी होती तेव्हा सुकत घातलेले बोंबील उलटत उलटत मी तिला माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगायचे. माकुणसारच्या पोरींविरुद्ध मी एका दमात चौघींना कसं मारलं, माझं नाव ऐकून समोरचा संघ पाणी प्यायला कसा पळायचा. पोर डोळे मोठे करून ऐकायची आणि मग वाळूत रेघ ओढून एकटीच कबड्डी कबड्डी करत कोंबड्यांवर चढाई करायची. कोंबड्या हरायच्या.

पहिल्या मोसमात तिची चढाई चालली. दुसऱ्यात सगळ्या संघांना कळून चुकलं की पोरगी उजवा पाय टाकते, हूल देते आणि डावीकडे वळते. दर वेळी तेच. मग काय, ती वळायच्या आधीच तिथं कुणीतरी उभी. सलग पाच सामने ती चढाईला गेली की मोकळ्या हातानं परत यायची, नाही तर परतच यायची नाही.

मग फोन आला. "आजी, मॅडमनी मला डाव्या कॉर्नरला टाकलंय."

मॅडम म्हणजे तिची प्रशिक्षक. कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्या साखळीचं टोक. तिथं वाकून उभं राहायचं, चढाई करणारी जवळ आली की तिचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही.

"म्हंजे चढाई बंद?" मी विचारलं.

"बंद. शनवारी शेवटची म्याच हाय, पालघरला. कॉर्नरला जमलं तर ठेवतील. नाय तर मी येते घरी, बोंबील सुकवायला."

बोंबील सुकवण्याबद्दल ती ज्या आवाजात बोलली तो मला झोंबला, कारण पन्नास वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. पण त्याहून झोंबला तो कोपरा. माझ्या रक्ताची पोर टोकाला उभी राहून दुसऱ्यांच्या पायांची वाट बघणार? मी ठरवलं, या मॅडमला दाखवायचं. शनिवारी पोरीला एक तरी चढाई मिळेलच. त्या एका चढाईत ती कुणाच्या हाती लागली नाही, की झालं.

अंगाला तेल लावून कबड्डीत उतरायचं नसतं, हा नियम मला माहीत नव्हता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. माहीत होता.

शनिवारी सकाळीच मी बोईसरला तिच्या खोलीवर पोचले. ती रात्रपाळीच्या बदलीवर जाऊन आली होती, मेल्यासारखी झोपली होती. मी टोपलीतून डबा काढला आणि घोट्यापासून मांडीपर्यंत चांगलं जिरवलं. झोपेतच म्हणाली, "आजी, वास येतोय."

"मी आले म्हंजे येणारच. बोंबील आनलेत."

बोंबील खरंच आणले होते. गुन्हा करताना मी तयारीनं करते.

दुपारी उठली ती उशिरानेच. खाली संघाच्या बसचा हॉर्न वाजत होता. पायांकडे न बघताच वर पायजमा चढवून ती पळाली आणि मी मागोमाग, टोपली घेऊन.

पालघरच्या मैदानात मांडव घातला होता. कारखान्यातले कामगार मोठ्या संख्येनं आले होते. माझ्या टोपलीमुळे मला बाकावर चांगली ऐसपैस जागा मिळाली. शेजारचा एक बिहारी पोरगा नाक दाबून म्हणाला, "अम्मा, इसमें क्या है?" मी म्हटलं, "नशीब है."

सामना सुरू झाला आणि माझ्या बुद्धीचं फळ दिसायला लागलं.

कोपऱ्यातली खेळाडू कशी उभी राहते हे मी आयुष्यात कधी नीट बघितलं नव्हतं. माझं लक्ष नेहमी चढाईवर. ती वाकते आणि हात स्वतःच्या मांड्यांवर, पोटऱ्यांवर टेकवून थांबते. नात तशीच थांबली. हात तेलात. समोरची चढाईला आली, नातीनं झेप घेऊन तिचा घोटा बरोबर धरला, आणि घोटा निसटला, ताज्या बोई माशासारखा. दुसरी आली. धरला, निसटला. मग नातीनं शेजारणीचा हात धरून साखळी केली, तर साखळीच सुटली आणि शेजारीण एकटीच पुढे जाऊन बाद झाली.

मांडवात हशा पिकला. मी हसले नाही.

तिसरी चढाई करणारी निसटून मध्यरेषेपलीकडे गेली, तिथं खाली बसली आणि स्वतःच्या पायाचा वास घेतला. "सर," ती पंचांना म्हणाली, "हिच्या हाताला मासळीचं तेल हाय."

पंचांनी नातीचा हात हुंगला आणि मान मागं घेतली. मध्यंतरापर्यंत तिला बाहेर बसवलं. मध्यंतरात धुऊन कोरडी झाली तर खेळेल, नाही तर नाही. मध्यंतर झालं तशा मॅडम तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "खेळायचं नव्हतं तर सांगायचंस. ही लबाडी कशाला?"

तेल कुणी लावलं ते पोरीला कळलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही.

तेव्हा मात्र मी उठले. टोपली त्या बिहारी पोराच्या मांडीवर ठेवली आणि थेट मॅटच्या कडेला गेले. "मॅडम, तेल मी लावलंय. ती झोपलेली होती. काय बोलायचं ते मला बोला."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "का लावलंत?"

"चढाईत कुनी धरू नये म्हनून."

"ती चढाईला जाणारच नव्हती."

"ते मला पसंत नव्हतं."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "आजी, तुमच्याकडे पाच मिनिटं आहेत. काढा ते."

मुशीचं तेल साबणाला दाद देत नाही. मी मैदानाबाहेरच्या वडेवाल्याकडे धावले. या वयात धावणं म्हणजे लोकांनी बाजूला होणं. तो म्हणाला, "अम्मा, भजी?" मी म्हटलं, "भजी नको, नुसतं सुकं बेसन दे." आणि तो विचार करेपर्यंत पदरात चार मुठी घेऊन परत.

मॅटच्या कडेला पोरीला बसवलं आणि दिवाळीच्या पहाटेसारखं चोळायला घेतलं. लोक फोटो काढत होते.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मला चढाई जमत नाय. तुझ्यासारखी नाय जमत."

माझा हात थांबला. पंधरा वर्षं मी त्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि पोर त्यांच्याशी बरोबरी करत होती.

"बाय, ऐक," मी म्हटलं. "मी सोळा वर्षांची असताना चढाईला जायचे ते दात दाखवत. समोर पोरं बघायला बसलेली असायची ना. माकुणसारच्या पोरींनी मला चारदा धरली. चारही वेळा. एकदा तर माझी वेणीच कुणाच्या तरी हातात रायली आनि मी दम लागेपर्यंत तिथंच कबड्डी कबड्डी. पाचव्यांदा मला कुनी जाऊच दिलं नाय."

"आनि त्या चौघी? एका दमात मारलेल्या?"

"त्या मी नंतर मारल्या. बोंबील उलटताना."

ती बेसनानं पिवळ्या झालेल्या हातांनी तोंड झाकून हसायला लागली. एवढी हसली की मॅडमनी वळून बघितलं. पंच आले, हात हुंगले, बोटांनी घासून बघितले. "कोरडे आहेत," म्हणाले.

उत्तरार्धात मी फक्त डावा कोपरा बघितला. समोरची सगळ्यात उंच पोरगी चढाईला आली. सगळ्याजणी मागे सरकल्या, नात जागची हलली नाही. डोळे त्या पोरीच्या पायावर. पोरीनं पाय लांबवला, परत घेतला, पुन्हा लांबवला. मी मनात ओरडत होते, धर, धर. तिनं धरला नाही. तिसऱ्यांदा पाय टेकला आणि त्याच क्षणी तिचे दोन्ही हात घोट्याभोवती. उंच पोरगी आडवी. उठायला बघते, ओढते, सरपटते. नात सुटेना. बाकीच्या येऊन वर पडल्या.

तशा पाच पकडी केल्या तिनं. तरी दोन गुणांनी आमचा संघ हरला. ते दोन गुण कुणाच्या डब्यातून सांडले ते मला ठाऊक होतं, मॅडमनाही.

सामन्यानंतर मॅडम आल्या. नातीला म्हणाल्या, "पुढच्या मोसमाला डावा कोपरा तुझा. सोमवारी सरावाला वेळेवर ये." मग माझ्याकडे वळल्या. मी तयारच होते ऐकून घ्यायला. "आजी, तुम्ही यायचं असेल तर या. बाकावर बसायचं."

मी होय म्हटलं. माझ्या आयुष्यात इतक्या लवकर मी कुणाला होय म्हटलेलं नाही, लग्नातसुद्धा.

बाहेर रिक्षाच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या होतो. तिच्या केसांत बेसन, माझ्या पदरात बेसन. मला वाटलं, आता तरी खरं विचारावं. म्हटलं, "बाय, चढाई सोडल्याचं वाईट नाय ना वाटत?"

तिनं केसांतलं बेसन झटकलं.

"आजी, चढाईच्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात गोळा यायचा, घास उतरायचा नाय. आज मला दुपारपासून भूक लागलीय, आनि तू बसलीयस इचारत. चल, त्या वड्यावाल्याकडं."